चेनसॉला जोर लावायचा नसतो

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. वारा पडल्यावर लोक घराबाहेर आले तेव्हा मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कितीतरी वाड्या आडव्या झाल्या होत्या. माड मुळासकट उपटलेले, पोफळी मधूनच मोडलेल्या, आंब्याच्या फांद्या कौलांवर. कोयता-कुऱ्हाडीने ते सगळं कधी उपसून होणार? तोवर वखारीत किंवा वनखात्याच्या माणसांकडे दिसणारी पेट्रोलवरची चेनसॉ, म्हणजे दातेरी चेन फिरवून कापणारी करवत, त्या पावसाळ्यात गावोगाव आली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि उरलेसुरलेही मशीन घेऊन मोकळे झाले.

मशीन आलं, पण ते चालवायचं कसं हे सांगणारं बरोबर कुणी आलं नाही. दुकानदार दोरी ओढून दाखवतो, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते सांगतो आणि पावती फाडतो. पुस्तिका खोक्यातच राहते. मग माणूस कुऱ्हाडीची सवय घेऊन चेनसॉ हातात धरतो, आणि खरी गडबड तिथे होते. कुऱ्हाड तुमच्या जोरावर चालते. चेनसॉला जोर लागत नाही, लागता कामा नये. धार नीट असेल तर मशीनच्या वजनानेच चेन लाकडात उतरते. दाबावं लागतंय, हिसडावं लागतंय, दोरी ओढून खांदा भरून आलाय, अशी वेळ आली की तिथेच थांबायचं आणि काय बिनसलंय ते शोधायचं. बिनसण्याच्या जागा तीनच: दात, लाकूड नाहीतर इंजिन.

दात लाकूड कसं कापतो

साध्या करवतीचा दात लाकूड खरवडतो. चेनसॉचा दात ते रंध्यासारखं सोलतो. चेनवरचा एक दात जवळून पाहा. पुढे एक छोटं बोथट टेकाड आहे, मागे वर वळलेली धारदार कड आहे. टेकाड कडेपेक्षा किंचित बुटकं असतं, बहुतेक चेनवर साधारण ०.६५ मिलिमीटर. एका घासात दाताने किती लाकूड उचलायचं हे त्या फरकावर ठरतं. सुताराच्या रंध्याचं पातं तळातून जितकं बाहेर काढाल तितका जाड कीस निघतो, हिशोब तोच. एक दात डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे, असे आलटून पालटून असतात. ही रचना अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला १९४६च्या सुमारास सुचली, तीही लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी पाहून. अळी जबडे डावी-उजवीकडे फिरवत सरसर पुढे जात होती. आज तुमच्या हातातल्या चेनवर त्याच अळीचे जबडे आहेत म्हणायला हरकत नाही.

पूर्ण रेस दिल्यावर चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळते, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या वर. बार म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी; ती अठरा इंची असेल तर सेकंदात पंधरा-एक फेऱ्या झाल्या. हा वेग लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे.

बारचं टोक

बारच्या खालच्या कडेने कापताना चेन मशीनला लाकडाकडे ओढते. वरच्या कडेने कापताना ती मशीन तुमच्या अंगावर ढकलते. या दोन्ही ओढी हाताला कळतात आणि सांभाळता येतात. टोकाची गोष्ट वेगळी. बार उजवीकडे टोक करून धरला आहे आणि टोकावर घड्याळाची तबकडी काढली आहे असं समजा. बारा ते तीनच्या मधला जो भाग येतो, तो लाकडाला लागता कामा नये. तिथे चेन वळत असते. वळणावर टेकाड आणि कड यांचा मेळ सुटतो, दात झेपेल त्यापेक्षा मोठा घास घेतो आणि अडकतो. चेन अडकली तरी इंजिनाची ताकद कुठे जाणार? ती अख्खं मशीन फिरवते, वर आणि मागे, सरळ तुमच्या तोंडाकडे आणि मानेकडे. याला किकबॅक म्हणतात. हे इतक्या पटकन होतं की माणसाला हात मागे घ्यायची सवडच मिळत नाही. ‘मी सावध असतो’ याला इथे काही अर्थ नाही.

बहुतेक वेळा टोक मुद्दाम लावलं जात नाही. समोरची फांदी कापत असताना टोक पलीकडच्या, न दिसणाऱ्या फांदीला लागतं. पडलेल्या आंब्याच्या गचपणात हे हमखास होतं. म्हणून आधी कोयत्याने पलीकडचं झाडोरं साफ करा आणि मगच मशीन लावा. दहा मिनिटं जातील, जाऊ देत.

डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा मुठीखालून वळवून घट्ट. पुष्कळ लोक अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात; मग उसळी आली की मूठ हातातून निसटते. उजवा हात मागे. डावखुऱ्यांनीही असंच धरायचं, मशीन त्याच बेताने बनवलेलं असतं. डोकं आणि मान बारच्या सरळ रेषेत ठेवायची नाही, शरीर किंचित डावीकडे. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. शिडीवर चढून तर नाहीच. माडावर चढून वरून शेंडा उतरवणारे पाडेली मी पाहिले आहेत आणि त्यांच्या हिमतीला तोड नाही, पण दोर, पट्टा आणि खाली जाणता माणूस असल्याशिवाय ते काम कुणी करू नये. एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने चेनसॉ चालवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

पुढच्या मुठीसमोर जी काळी पट्टी असते ती नुसती आडोसा नव्हे. तो चेनब्रेक आहे. उसळी आली की डाव्या मनगटाचा धक्का लागून किंवा झटक्यानेच ती पुढे पडते आणि चेन सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यात थांबते. तेवढ्यातही चेन मीटरभर पुढे गेलेली असते, पण मानेला लागणारी फिरती चेन आणि थांबलेली चेन यात फरक जीवाचा असतो. रोज काम सुरू करताना मशीन जमिनीवर टेकवून क्षणभर रेस द्या आणि मनगटाने पट्टी पुढे ढकला. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. थांबत नसेल तर त्या दिवशी काम बंद. स्वस्तातल्या मशीनचे ब्रेक भुशाने आणि तेलाने चिकटून बसलेले मी बऱ्याचदा पाहिले आहेत. मालकाला पत्ताच नसतो.

लाकूड कुठे ताणलंय, कुठे दबलंय

मला विचाराल तर चेनसॉ शिकण्यातलं अर्धं शिक्षण इथे आहे. उभं झाड पाडण्यापेक्षा वादळात पडलेलं झाड कापणं अवघड, कारण पडलेल्या झाडात ताकद भरून राहिलेली असते.

बांबूची हिरवी काठी दोन दगडांवर आडवी ठेवा आणि मधे पाय द्या. वरची बाजू दबली, खालची ताणली गेली. दोन्ही टोकांना टेकलेल्या ओंडक्याचं हेच होतं. त्याला वरून कापत गेलात तर मध्यावर यायच्या आधी काप मिटतो आणि बार चिमट्यात सापडतो. आता काठीचं एकच टोक दगडाखाली दाबा आणि दुसरं लोंबकळू द्या. इथे उलटं: वरची बाजू ताणलेली, खालची दबलेली. अशी फांदी एकदम वरून कापली तर अर्ध्यात फाटते आणि साल सोलत तडकून उसळते.

दोन्हीला नियम एकच. आधी दबलेल्या बाजूने वरवर काप घ्यायचा, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाही. मग ताणलेल्या बाजूने, पहिल्या कापाला भिडेपर्यंत. म्हणजे दोन टोकांवर टेकलेला ओंडका आधी वरून थोडा, मग खालून. लोंबकळणारी फांदी आधी खालून थोडी, मग वरून. खालून कापताना बारची वरची कड वापरली जाते, मशीन अंगावर येतं, म्हणून पाय नीट रोवा. उतारावर असाल तर ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. सुटलेला ओंडका खालीच जाणार.

मुळासकट उपटलेल्या झाडाची एक वेगळीच भीती असते. मुळांचा मोठा गड्डा मातीसकट उभा राहिलेला असतो आणि खोडाच्या वजनाने तो तसा तोललेला असतो. खोड कापलं की वजन गेलं, गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसतो. कधी उरलेला बुंधा उभा राहतो, कधी गड्डा दुसऱ्या बाजूला कलंडतो. त्या खड्ड्यात मुलं खेळत असतात, बघे उभे असतात. खोडाला मशीन लावण्याआधी मागे जाऊन खड्डा रिकामा आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ओरडून विचारणं पुरेसं नाही, कानाशी मशीन चालू असताना उत्तर ऐकू येत नाही.

बार अडकलाच तर हिसके देऊ नका, रेस तर अजिबात देऊ नका. मशीन बंद करा. कापात लाकडाची किंवा प्लास्टिकची पाचर ठोकून फट उघडा, नाहीतर पहारीने ओंडका उचला. लोखंडी पाचर नको, तिला चेन लागली तर दात गेले. पाच-सहा पाचरी खिशात असल्या की निम्मे तंटे मिटतात. बाजारात जायचीही गरज नाही, किंजळाच्या तुकड्यातून घरीच निघतात.

उभं झाड पाडणं हे या लेखात शिकवण्यासारखं नाही, माहीत असावं इतकंच सांगतो. ज्या बाजूला पाडायचं तिकडे खोडाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी खाच घेतात. मग मागून, खाचेच्या टोकापेक्षा किंचित वर, मुख्य काप. दोन्हींच्या मधे जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी न कापता सोडायची. ती बिजागरीसारखी वाकत झाडाला वाट दाखवते. ती पट्टीही कापून टाकली तर झाड कुठे जाईल हे झाड ठरवतं. मागे तिरप्या दिशेने पळायची वाट आधीच साफ केलेली हवी, आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत दुसरं कुणी नको. माडावर ही बिजागरी तितकी विश्वासाची नाही. माडाचं खोड म्हणजे धाग्यांचा जुडगा, बाहेर कठीण आणि आत मऊ. आंब्यासारखं ते वाकत नाही. त्याला दोर बांधूनच ओढावं. आणि कुठलंही झाड विजेच्या तारेवर असेल तर महावितरणची माणसं लाइन बंद करून जाईपर्यंत त्याला हातही लावायचा नाही. साग, आंबा, फणस अशी झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी १९६४च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे तोडण्याआधी परवानगी लागते, तेही आधी पाहून घ्या.

अंगावर काय असावं

कोकणात चेनसॉ चालवणाऱ्याचा पोशाख म्हणजे हाफ पँट, स्लीपर आणि डोक्याला टॉवेल. जखमा होतात त्या बहुतेक पायाला आणि डाव्या हाताला. त्यासाठी खास पँट किंवा पुढून बांधायचं आच्छादन मिळतं. त्यात लांब चिवट धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे ओढले जाऊन चेन फिरवणाऱ्या चक्रात गुंततात आणि चेन जाम होते. महाग आहे, मेच्या उकाड्यात नकोसं होतं, पण दुसऱ्यांच्या झाडांवर मशीन चालवून जो रोजगार कमावतो त्याने ते घ्यावंच. बाकीच्यांनी निदान चामड्याचे बूट, जाळीचा पडदा असलेलं हेल्मेट आणि कानावरचे मफ तरी. मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो. कानाचं नुकसान दुखत नाही, म्हणून कुणाला पटत नाही. गळ्यातला टॉवेल, लुंगी, सैल बाह्या घरी ठेवा.

एकट्याने काम करू नका. चेनची जखम कोयत्यासारखी सरळ नसते, ती मांस फाडते आणि आत भुसा-तेल भरते. स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरायचं, सोडून सोडून बघायचं नाही, आणि १०८ला फोन. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

पेट्रोल, ऑइल आणि दोरी

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात ऑइलची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण देतं. चांगल्या प्रतीच्या ऑइलला प्रमाण बहुधा पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिली. काही मशीनला आणि साध्या ऑइलला पंचवीसास एक, लिटरला ४० मिली. तुमच्या मशीनच्या टाकीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेच खरं. मोजायला औषधाच्या बाटलीचं टोपण वापरा, अंदाज नको. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होऊन इंजिन काही मिनिटांत सीज होतं आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस नवीन मशीनच बघायला लागतो.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही. बरंच पाणी शोषलं की ते इथेनॉलसकट खाली बसतं आणि नळी नेमकी तळाशी असते. शिवाय कार्बुरेटरमधला रबरी पडदा कडक होत जातो. ‘गेल्या वर्षी व्यवस्थित चालू होतं’ असं सांगत आणलेल्या मशीनमध्ये बहुधा गेल्या वर्षीचंच पेट्रोल असतं. म्हणून लागेल तेवढंच मिश्रण करा, महिन्याच्या आत संपवा. मशीन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

पेट्रोल भरताना इंजिन थोडं थंड होऊ द्या. भरल्यावर सांडलेलं पुसा, मशीन तिथून चार पावलं दूर न्या आणि मगच सुरू करा. सुरू करताना ते जमिनीवर, चेनब्रेक लावलेला, मागच्या मुठीत उजव्या पायाचा पुढचा भाग, डाव्या हाताने पुढची मूठ दाबलेली. एका हातात मशीन हवेत सोडत दुसऱ्याने दोरी ओढायची जी स्टाइल आहे, तिच्यात ब्रेक नसला तर फिरती चेन मांडीपाशी येते.

दोरी ओढून दमलेल्यांची चूक सहसा एकच असते. चोक ओढल्यावर तीन-चार ओढीत इंजिन एकदा ‘फट्’ करतं. तो इशारा असतो. लगेच चोक आत ढकलून पुन्हा ओढायचं. तो आवाज निसटला आणि चोक तसाच ठेवून ओढत राहिलात तर आत पेट्रोल साचून प्लग भिजतो. मग चोक आत ढकललेला, रेस पूर्ण दाबून आठ-दहा ओढी; नाहीतर प्लग काढून पुसा. प्लगची फट साधारण ०.५ मिमी. इंजिन सुरू होऊन नुसतं गुरगुरत असताना चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलिंग जास्त आहे किंवा क्लच खराब आहे. कार्बुरेटरचे बाकीचे स्क्रू मिस्त्रीलाच फिरवू द्या. पेट्रोल कमी करून जोर वाढवायच्या नादात इंजिनं जळालेली आहेत.

धार

आता मूळ मुद्द्याकडे. चेन बोथट झाली हे ओळखायला दातावर बोट फिरवायची गरज नाही, भुसा बघा. धारदार चेन चपटे, जाडसर कीस फेकते. पिठासारखी भुकटी येऊ लागली, काप एका बाजूला वळू लागला, धूर दिसू लागला की धार गेली. अशा वेळी माणूस दाबतो. दाबलेलं मशीन लाकूड संपताच सुटतं आणि खाली पायाशी येतं. म्हणून बोथट चेन धारदार चेनपेक्षा जास्त धोक्याची.

धार जाते ती लाकडाने नाही, मातीने. जांभ्या दगडाला एकदा चेन टेकली की झालं. जमिनीवर पडलेला ओंडका आरपार कापू नका. पाऊण भाग कापून ओंडका लोळवा आणि उरलेलं वरून घ्या. वाळू-चिखल लागलेली साल आधी कोयत्याने तासा.

धार लावायला गोल कानस. जाडी चेनच्या मापाप्रमाणे: छोट्या चेनला ४ मिमी, मधल्या ०.३२५ इंचीला ४.८, मोठ्या चेनला ५.२ किंवा ५.५. बार शिकंजात पकडा. शिकंजा नसेल तर बुंध्यात एक काप घेऊन त्यात बार बसवा. बहुतेक दातांवर तिरपी रेघ असते, ३० अंशांची. कानस तिला धरून. आतून बाहेर, एकाच दिशेने, परत येताना उचलून. प्रत्येक दाताला तेवढेच घाव, तीन तर तीन. आधी एका बाजूचे सगळे, मग फिरून दुसऱ्या बाजूचे. डावे दात लांब आणि उजवे आखूड राहिले तर काप वाकडा जातो. तीन-चार वेळा धार लावून झाली की टेकाडंही चपट्या कानशीने उतरवावी लागतात, कारण दात झिजतो तसा बुटका होत जातो. मापाची पट्टी मिळते, ती घ्या. टेकाड जास्त उतरवलं तर दात मोठा घास घेतो आणि उसळी वाढते. वेल्डिंगवाल्याकडे ग्राइंडरवर चेन नेऊ नका. दात निळा पडला की पोलादाचं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही.

चेनचा ताण थंड असताना बघायचा: खालून चेन बारला लागलेली, पण हातमोजा घालून ओढली की सहज फिरणारी. तिच्या वंगणाची टाकी वेगळी असते. तिथे गाडीतलं जळकं ऑइल घालण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि ती वाईट आहे. त्यात धातूची भुकटी असते, पंप खराब होतो, आणि ते ऑइल तुषार होऊन तुमच्या नाकात आणि बागेतल्या मातीत जातं. ऑइल येतंय का हे बघायला बारचं टोक जुन्या वर्तमानपत्रासमोर धरून रेस द्या, कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

दिवसाअखेर बाजूचं झाकण उघडून चेपलेला भुसा काढा. माड कापला असेल तर धागे चक्राभोवती केसांसारखे गुंडाळलेले सापडतील. बारची खाच आणि तेलाचं छिद्र टोकदार काडीने साफ करा. बार अधूनमधून उलटा लावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवा. इंजिनाच्या पाकळ्यांमधला भुसाही काढा, नाहीतर ते तापतं. शेवटी चेनचा ताण. काम करताना गरम होऊन चेन लांबते, तुम्ही मधेच ती ताणून घेतलेली असते. तशीच ठेवलीत तर रात्री गार होताना ती आकसते आणि बारला, बेअरिंगला आवळून बसते. पान्याने दोन आटे सैल करा आणि मशीन खुंटीला अडकवा.